पोळ्याला बैलाचं शिंग लागलं, सोनोग्राफी नॉर्मल, तरी सीटी स्कॅनला पाठवला. चुकलं का?

बॉंडवाली_एमओ (रात्री ११:५२)

नमस्कार. एमबीबीएस करून बॉंडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे. सात महिने झाले. आजची केस डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. पेशंट ओळखू येईल असं काही देत नाही.

आज पोळा. पावणेसहाच्या सुमारास तोरणाखाली पोळा फुटला, कुणीतरी फटाका लावला, बैल बिचकला आणि त्यानं मान झटकली. शेजारी उभ्या माणसाच्या डाव्या कुशीत शिंग गेलं. वय पंचेचाळीसच्या आसपास. रिक्षातून उतरून स्वतः चालत कॅज्युअल्टीत आला. जखम दोन सेंटिमीटरची, डावीकडे खालच्या बरगड्यांवर, काखेच्या पुढच्या रेषेत. तोंडाशी हळद दाबलेली, रक्त थांबलेलं. बीपी १२४/८०, नाडी ९६, ऑक्सिजन ९७. पोट मऊ. जखमेपाशी हात लावला तेवढंच ओरडला.

इंटर्नशिपला एका सिनियरनं शिकवलं होतं की ग्लोव्ह घाल, बोट आत घाल आणि किती खोल आहे ते बघ. हात पुढे केलाही होता. का कोण जाणे, मागे घेतला.

आमच्याकडे सोनोग्राफीचं मशीन आहे, पण ते बघणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. गावातल्या खासगी सेंटरच्या डॉक्टरांनी सुटी असून शटर उघडलं, हे त्यांचे उपकारच. सव्वासातला रिपोर्ट मिळाला: लिव्हर, स्प्लीन (प्लीहा), दोन्ही किडन्या ठीक, पोटात मोकळं पाणी नाही.

झालं. पंधरा-वीस नातेवाईक माझ्या टेबलाभोवती. "म्याडम, सोनोग्राफीत काईच नाई निंगालं, मंग मारा दोन टाके अन् जाऊ द्या ना." मी जिल्ह्याच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, सीटी हवा, पाठव. जिल्हा इथून ६२ किलोमीटर. ते ऐकून एक तरुण पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "सीटीवाल्याचं किती ठरलं हाये?" सरकारी रुग्णालयातला सीटी होता, तरीही. पोरगा खालच्या आवाजात बोलला असता तर एवढं लागलं नसतं.

सलाईन, अँटिबायोटिक, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) नोंदवली आणि नऊ वीसला १०८ मध्ये बसवला. आता क्वार्टरवर येऊन बसलेय. पुरणपोळी ताटात तशीच आहे.

सोनोग्राफी स्वच्छ असताना मी ६२ किलोमीटर पळवला, हे बरोबर केलं का? आणि खरं विचारायचं आहे ते असं: शिंग, चाकू, सळई असं काही पोटात घुसलं की कोणत्या फोटोवर किती विसंबायचं? आमच्याकडे तर रात्री एक्स-रेसुद्धा टेक्निशियन घरून बोलावून निघतो.

---

अंधारखोली (रात्री १२:४०)

ताई, आधी जेवून घ्या. मग वाचा.

मी रेडिओलॉजिस्ट. फिल्म हातानं धुवायच्या काळात शिकलो, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळीचे पोटाचे फोटो बघतोय. तुम्ही पाठवलात ते बरोबर केलंत. का, ते नीट सांगतो, कारण पुढच्या वेळी पंधरा नातेवाईक पुन्हा असतीलच.

अपघातात पोटाची जी घाईची सोनोग्राफी करतात तिला आम्ही फास्ट म्हणतो. ती चार जागा बघते: लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट, डावीकडे स्प्लीनभोवती, खाली लघवीच्या पिशवीमागे आणि हृदयाभोवतालची पिशवी. पोटात पाणी आहे का, एवढा एकच प्रश्न तिला विचारलेला असतो. मोटारसायकलवरून पडून स्प्लीन फुटली तर लिटरभर रक्त साठतं आणि ते या फटींमध्ये काळंभोर दिसतं. पण साधारण दोनशे मिलीच्या आतलं रक्त बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि आतड्याला पडलेलं भोक पहिल्या दोन तासांत किती गळणार? चमचाभर. तेही आतड्यातल्या गॅसच्या आड. गॅसमधून सोनोग्राफीला दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून मुका मार आणि घुसलेली जखम यांना एकच फूटपट्टी लावायची नाही. २००१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पोटात घुसलेल्या जखमांचे ७५ रुग्ण फास्टनं तपासले. आतल्या इजा पकडण्याचं प्रमाण ४६ टक्के. निम्म्याहून जास्त जखमी माणसांना मशीननं "पाणी नाही" असं सांगितलं. उलट जिथे "पाणी आहे" म्हटलं तिथे ते सहसा खरंच होतं. सर्जनला ते कळलं की तो थांबत नाही. म्हणजे होकाराला किंमत आहे, नकाराला नाही. तुमच्या गावातल्या डॉक्टरांचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. मोकळं पाणी नव्हतंच. नातेवाइकांनी त्याचा अर्थ "काही नाही" असा लावला.

तुमच्या केसमध्ये मला पोटापेक्षा जागेची धास्ती जास्त वाटते. डावीकडे, खालच्या बरगड्यांवर. पूर्ण श्वास सोडला की डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यातला पडदा, पुढच्या बाजूनं चौथ्या बरगडीच्या पातळीपर्यंत वर चढतो. त्यामुळे स्तनाग्राच्या रेषेपासून खाली बरगड्यांच्या कडेपर्यंतची कुठलीही जखम एकाच वेळी छातीतही असू शकते आणि पोटातही. उजवीकडे लिव्हर आतून बूच बसावं तसं टेकलेलं असतं. डावीकडे तसं कोणी नाही. आणि पडद्याचं भोक आपणहून बुजत नाही, कारण श्वासागणिक छाती ओढते आणि पोट ढकलतं. आधी आतड्यांवरची चरबीची झालर आत शिरते, मग जठर, मग मोठं आतडं. मी एक माणूस पाहिलाय, कुशीत चाकू लागून टाके घालून घरी गेलेला. चार वर्षांनी दम लागतो म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तर डाव्या छातीत मोठं आतडं.

आता सीटी. तो पोटात काय साठलंय एवढंच बघत नाही, शस्त्र कुठून कुठे गेलं ते बघतो. त्या वाटेवरची चरबी विस्कटलेली असते, हवेचे बुडबुडे माळेसारखे असतात, बाजूनं रक्त लागलेलं असतं. मी आधी ती वाट धरतो आणि मग वाटेत कोण कोण राहतं ते बघतो. शिंगाच्या बाबतीत ही वाट फसवी असते. चाकू सरळ जातो. बैल मात्र शिंग घालून मान वर फेकतो, कातडीवर एक भोक आणि आत दोन दिशा, शिवाय स्नायू फाटलेला. म्हणून दोन सेंटिमीटरच्या तोंडावरून आतलं माप काढू नये.

रक्ताचंही असंच. सीटीतल्या घनतेच्या मापात पाणी शून्य धरलं तर वाहतं ताजं रक्त तीस-पंचेचाळीसच्या घरात येतं आणि गोठलेलं त्याच्या वर, सत्तरपर्यंत. रक्त सगळीकडे पसरलं तरी सर्वांत घट्ट गुठळी सहसा जिथून गळतंय त्याच्याच अंगाला चिकटलेली असते. त्यावरून उगम सापडतो. शिरेतून डाय (फोटोत पांढरा दिसणारा द्रव) दिल्यावर रक्तनळीबाहेर पांढरं फुललं तर रक्त आत्ता, या घडीला वाहतंय. मग मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, सरळ फोन करतो.

एक गोष्ट तरुण डॉक्टरांना चकवते. मुक्या मारात पोटात मोकळी हवा दिसली की आतडं फुटलं असं धरतात. घुसलेल्या जखमेत ती हवा भोकातूनच आत शिरलेली असू शकते. तिचा अर्थ पोटाची आतली पिशवी भेदली गेली, एवढाच पक्का.

आणि सीटीही देव नाही. तासा-दोन तासांत काढलेल्या सीटीत आतड्याचं बारीक भोक सुटतं, पडद्याचं सुटतं. माझ्याही हातून सुटलंय.

एक्स-रेबद्दल: जमला असता तर पाठवण्याआधी छातीचा काढायला हवा होता, शक्यतो बसवून. फुफ्फुसाभोवती हवा असेल तर ६२ किलोमीटरच्या वाटेत ती वाढू शकते. जखमेवर पेपरक्लिप चिकटवून फोटो काढा, म्हणजे भोक कुठे ते आम्हाला समजतं. सीटीसाठी तिथेच व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवा. हसू नका, रिपोर्ट लिहिताना तिचा फार आधार वाटतो. आणि रेफर चिठ्ठीवर "पोटदुखी, सीटी करावा" असं कृपा करून लिहू नका. शिंग, किती वाजता, कोणती बाजू, कितवी बरगडी, जखमा किती. पाठ उलटी करून बघितली होतीत ना?

बोट मागे घेतलंत ते उत्तम. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधली. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, त्याचाही उपयोग झाला नाही. गोळी भलतीकडेच, स्वादुपिंडाच्या मागे निघाली, तीही सप्टेंबरात ते गेल्यावर. एक्स-रेचा शोध त्यानंतर १४ वर्षांनी लागला. बोट घालायची खोड मात्र अजून आहे.

---

शिवारफेरी (सकाळी ६:१०)

म्याडम, मी डाक्टर नाही, शेतकरी आहे. आमच्या काकाला शंकरपटात शिंग लागलं होतं, बेंबीच्या उजव्या अंगाला. एका ठिकाणी टाके घालून घरी धाडलं. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगलं. नागपूरला नेलं, आतडं फाटलेलं होतं. वाचला, पण सहा महिने पोटावर शौचाची पिशवी लावून वखर हाकला त्यानं. त्या पोराचं मनावर घेऊ नका. आमच्या घरातलं कोणी असतं तर आम्हीही तसंच बोललो असतो, हेही खरं आहे.

---

गॅन्ट्रीवाला (सकाळी ८:३५)

सीटी टेक्निशियन आहे, अकरा वर्षं. डॉक्टर लोक इथे मोठं बोलतात, मी बारीक गोष्टी सांगतो. यांच्यामुळे रात्रीचा अर्धा तास जातो.

पहिली, सलाईनची सुई. तुमच्याकडून पेशंट येतो तो मनगटावर निळी नाहीतर पिवळी सुई लावून. आमचा पंप सेकंदाला तीन-चार मिली डाय ढकलतो. निळी फुगते, डाय हातात उतरतो, हात सुजतो आणि स्कॅन वाया. कोपराच्या खोबणीत हिरवी लावा, अगदीच नाही जमलं तर गुलाबी. उजव्या हाताला असेल तर तुम्हाला दुवा देईन. डाय सोडल्यावर धमनीच्या फोटोंचा फेरा तिसाव्या सेकंदाला, शिरेच्या फोटोंचा सत्तराव्या सेकंदाला. ही वेळ चुकली की साहेब म्हणतात तसं पांढरं फुलायचंच नाही.

दुसरी, करदोटा. चांदीचा असेल तर नेमका पोटावर आडवा येतो आणि सगळ्या फोटोत झाडूनं रेघा मारल्यासारखं होतं. रात्री दोन वाजता मी सांगतो काढा, म्हातारी म्हणते लग्नातला आहे. तुमच्याकडेच काढून नातेवाइकाच्या हातात द्या. ताईत, सेफ्टी पिन, कंबरेची चावी, सगळं.

तिसरी, पाणी पाजू नका. वाटेत चहा पाजलेला पेशंट आला की ओटीवाले (ऑपरेशन थिएटरवाले) माझ्यावर ओरडतात, मी काय केलंय?

किडनीच्या रिपोर्टसाठी अडवतात का असं लोक विचारतात. जीवावरची केस असेल तर आमचे साहेब अडवत नाहीत. पण डायची ॲलर्जी आधी झाली होती का, शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे का, हे चिठ्ठीवर असेल तर बरं. बेशुद्ध माणसाला मी काय विचारू?

---

टाके_घालणारा (सकाळी १०:०५)

सर्जन. थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे.

अंधारखोली सरांनी कोणाला सीटीला न्यायचं ते सांगितलं, कोणाला न्यायचं नाही ते मी सांगतो. बीपी ९० च्या खाली आणि सलाईननं तात्पुरता चढून पुन्हा पडतोय, पोट लाकडासारखं कडक झालंय, किंवा आतडं बाहेर आलंय, तर सीटी नाही, सरळ ओटी. असा माणूस सीटीच्या टेबलावर घालवलेला मी पाहिलाय. कुठे, ते विचारू नका. फोटो फार छान आला होता. आणि सळई, विळा काही रुतलेलं असेल तर उपसू नका, आधार देऊन बांधा. ते ओटीतच निघतं. आतडं बाहेर असेल तर ओल्या गॉजनं झाका, आत ढकलू नका.

दुसऱ्या टोकाचंही ऐका. एके काळी पोटात चाकू म्हणजे पोट उघडायचंच असा नियम होता आणि बरीच पोटं उगाच उघडली जायची. १९६० मध्ये ब्रुकलिनच्या शाफ्टन यांनी लिहिलं, की माणूस स्थिर असेल तर बघत थांबा. १९८७ मध्ये जोहान्सबर्गच्या बाराग्वनाथ हॉस्पिटलमधून ६५१ चाकूच्या जखमांचा हिशेब आला. ३०६ जणांना आधी ऑपरेशन न करता ठेवलं, त्यातल्या ११ जणांनाच नंतर उघडावं लागलं. त्यांची भिस्त मशीनवर नव्हती, पुन्हा पुन्हा पोट तपासण्यावर होती. मी स्वतः २४ तास ठेवतो. दर दोन-तीन तासांनी तोच हात, तेच पोट, तीच नाडी, कागदावर लिहून. हात बदलला की "मघाशी एवढं कडक होतं का?" याला उत्तर राहत नाही. वेदनाशामक द्या, त्यानं लक्षणं झाकतात म्हणून माणसाला तळमळत ठेवू नका.

तुमच्या ठिकाणी तुम्ही एकट्या, सर्जन नाही, ओटी रात्री बंद. तिथे बघत थांबणं शक्यच नव्हतं. त्यामुळे रेफर बरोबर. मला खटकतं ते वेगळं. सहा-साडेसहाला आलेला पेशंट नऊ वीसला निघाला. सोनोग्राफीत आणि तिच्यावरच्या वाटाघाटीत दीड-दोन तास गेले. ज्या तपासणीच्या नकारानं तुमचा निर्णय बदलणार नव्हता, तिच्यासाठी थांबायचं कशाला? फोन आधी, सोनोग्राफी जमली तर मधल्या वेळात. रक्त जातंय असं वाटलं तर पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) एक ग्रॅम, दहा मिनिटांत. ते तुमच्या स्टोअरला असतं, बाळंतिणींसाठी ठेवलेलं.

---

अंधारखोली (सकाळी ११:२०)

सर्जनसाहेबांशी सहमत, एक मुद्दा सोडून. त्यांच्यासारखे सर्जन म्हणतात सोनोग्राफीला थांबू नका. माझं म्हणणं, सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) कॅज्युअल्टीतच असता तर थांबायची वेळच आली नसती, दोन मिनिटांचं काम. हृदयाभोवती रक्त आणि फुफ्फुसाबाहेरची हवा यांसाठी तो फार कामाचा आहे. पण आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे. मशीन नोंदवलेल्या जागेतून हलवता येत नाही, एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावता येत नाही. खिशात मावणारा प्रोबही त्यातून सुटत नाही. कायदा कशासाठी आला ते मी विसरलेलो नाही. गर्भलिंगाची विचारणा करणारे लोक मी माझ्या दारातून घालवलेत. तरी कुशीत शिंग घुसलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या बाबतीत मशीनला कुलूप बघून जीव चरफडतो.

---

बॉंडवाली_एमओ (पाच दिवसांनी, दुपारी ३:१५)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे दोन बाळंतपणं आणि एक सर्पदंश.

पेशंट ठीक आहे. जिल्ह्याला रात्री सव्वाअकराला सीटी झाला. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी पाण्याची पातळ रेघ, शिंगाची वाट थेट पडद्यापर्यंत, पोटात मोकळी हवा नाही, रक्त नाही, स्प्लीन शाबूत. पडद्याबद्दल रिपोर्टमध्ये "इजा नाही असं म्हणता येत नाही" अशा अर्थाचं वाक्य होतं. तिथल्या सर्जननी रात्रभर ठेवला, पोट मऊच राहिलं. सकाळी मेडिकल कॉलेजला पाठवला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून बघितलं. पडद्याला दोन सेंटिमीटरचं भोक होतं आणि चरबीची झालर त्यात अडकून बसली होती. ती ओढून काढली, टाके घातले, छातीत नळी ठेवली. आतडं सुखरूप. म्हणजे सोनोग्राफीला दिसलं नाही, सीटीला संशय आला आणि भोक दिसलं ते कॅमेरा आत घातल्यावर.

सर, पाठ उलटी करून बघितली नव्हती. तुम्ही विचारल्यावर पोटात गोळा आला. तिथे दुसरी जखम नव्हती, पण ते माझं नशीब. आता कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर ते पहिल्या ओळीत लिहिलंय.

सर्जन सर, वेळेचं तुमचं बरोबर आहे. मी तास मोजलेच नव्हते, माझ्या डोक्यात सोनोग्राफी झाली म्हणजे काहीतरी केलं असं होतं.

ज्या पोरानं कमिशनचं विचारलं तो पेशंटचा पुतण्या निघाला. काल त्याचा फोन आला, सुटी कधी मिळेल ते विचारायला. ते मी कसं सांगणार? पण बोलला नीट. त्या दिवसाचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

गॅन्ट्रीवाला दादा, आज स्टोअरला जाऊन बघितलं. निळ्या सुयांचे चार खोके आहेत. हिरव्या दोन निघाल्या, त्यातल्या एकीची तारीख उलटलेली. इंडेंट (मागणीपत्र) टाकलाय. फार्मासिस्ट म्हणतात, हिरवी इथे लागते कुणाला?